उद्यानातील धबधबा आणि कॅमेऱ्याचा डोळा

सुरतेच्या लिंबायत भागात कापडाची पारख असलेली माणसे घरोघरी भेटतात. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांची उपजीविका मागावर, रंगाई-छपाईच्या गिरणीत, नाही तर साड्यांच्या बाजारात चालते. मागावरून उतरलेल्या, अद्याप रंग न चढलेल्या कापडाला तेथे ‘ग्रे’ म्हणतात. आणि कोणत्या ग्रेवर कोणती छटा कशी बसेल हे नेमके जाणणाऱ्या कारागिराला गिरणीत मान असतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात जुळेलच असे नाही, ही गोष्ट तेथे नवख्यालाही शिकवावी लागत नाही.

अशा कुटुंबांतील मंडळी सुट्टीच्या दिवसांत नातलगांकडे पुण्यास जातात, सिंहगड रस्त्यावरील जपानी धर्तीचे उद्यान पाहतात, तेथील धबधब्यासमोर मोबाइल धरतात, आणि घरी परतल्यावर चित्र पाहून हिरमुसतात. पाण्याच्या जागी चुना फासल्यासारखा पांढरा पट्टा, खडकांच्या जागी कोळसा, आणि पानांवर नुसती चकाकी! मग मोबाइलमधील एखादी तयार रंगयोजना चित्रावर चढविली जाते. पाने पोपटी होतात, पाणी निळे होते, आकाश शाईत बुडते. साडीचा काठ अर्ध्या छटेने चुकला तर तागा परत पाठविणारे डोळे हे चित्र मात्र निमूटपणे स्वीकारतात. असे का व्हावे, आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार करण्यासारखा आहे. कारण बिघाड यंत्रात क्वचितच असतो. धबधबा रचणाऱ्याने काय योजले होते आणि पाण्याची गती किती होती, या दोन गोष्टी न पाहताच चित्र घेतलेले असते.

पुण्याचे हे उद्यान सुमारे दहा एकरांचे आहे. ‘पुणे–ओकायामा मैत्री उद्यान’ हे त्याचे एक नाव, ‘पु. ल. देशपांडे उद्यान’ हे दुसरे, आणि तेच लोकांच्या तोंडी बसले. शेजारून जाणाऱ्या कालव्याचे पाणी त्यात खेळविले आहे. त्याचा आदर्श आहे जपानमधील ओकायामा शहराचे कोराकुएन उद्यान. ते इकेदा त्सुनामासा या तेथील अधिपतीने १६८७ मध्ये आरंभिले आणि १७०० मध्ये ते पूर्णत्वास गेले. असाही नदीच्या एका काठावर हे उद्यान आणि दुसऱ्या काठावर ओकायामाचा किल्ला. तो किल्ला उद्यानाच्या हद्दीत नाही. परंतु झाडांची उंची आणि वाटांची वळणे अशी राखली आहेत की तो उद्यानाचाच भाग वाटावा. अशा बाहेरच्या दृश्याला जपानी लोक ‘उसना देखावा’ म्हणतात. म्हणजे चौकट कोठवर घ्यावी हा छायाचित्रकारापुढचा प्रश्न तेथील माळ्याने तीनशे वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला आहे.

जपानी उद्यानातील धबधबा निसर्गातून जसाच्या तसा उचललेला नसतो. वाघईजवळ अंबिका नदीवर गिरा धबधबा आहे. तो सुरतकरांच्या परिचयाचा. तेथे पाणी स्वतःच्या बळाने येते आणि खडकाला जसे सुचेल तसे कोसळते. उद्यानात मात्र एकेक दगड निवडून, फिरवून, तोलून बसविलेला असतो. अकराव्या शतकात जपानमध्ये ‘साकुतेइकी’ नावाचा उद्यानरचनेवरील ग्रंथ लिहिला गेला. त्याचे कर्तृत्व ताचिबाना नो तोशित्सुना या सरदाराकडे दिले जाते. त्यात धबधब्यांचे प्रकार नावांनिशी सांगितले आहेत. वरचा दगड सपाट आणि गुळगुळीत घेऊन, मागे पाणी थोडे थोपवून ते संथपणे ओसंडू दिले की जो पडदा पडतो, त्याचे नाव ‘वस्त्रपात’. वरच्या दगडाला अनेक कंगोरे असले आणि पाणी त्यांवरून फुटून बारीक धारांनी उतरले, तर तो ‘तंतुपात’. कापडाच्या गावी राहणाऱ्यांना ही नावे समजावून सांगण्याचे कारण नाही: एक विणलेले कापड, दुसरे नुसते ताणलेले सूत.

याच ग्रंथात आणखी दोन सूचना आहेत. धबधब्याचे मुख उघडे न ठेवता दगडांच्या सावलीत, जरा आडोशाला असावे, म्हणजे पाणी अनपेक्षित ठिकाणाहून आल्यासारखे भासते. आणि धबधबा शक्य तर चंद्राकडे तोंड करून रचावा, म्हणजे पडत्या पाण्यात चांदणे उतरते. पहिली सूचना छायाचित्रकाराने ध्यानी धरली तर त्याचे निम्मे काम होते. पाणी कोठून निघते तेही दिसले पाहिजे या हव्यासाने पुष्कळजण उंच जागा गाठतात, आणि मग चित्रात हौदाची कड नाही तर पाण्याचा नळ दिसतो. रचनाकाराने जे कष्टाने झाकले ते उघडे करण्यात कसले आले कौशल्य? अशा उद्यानांत वाट जेथे किंचित रुंदावते किंवा पायरीचा दगड मोठा होतो, तेथे पाहणाऱ्याने थांबावे अशीच योजना असते. कॅमेरा प्रथम त्या जागी धरून पाहावा, आणि तोही कमरेच्या उंचीवर. त्यामुळे पाण्याची उंची खुजी होत नाही.

पायथ्याकडेही लक्ष हवे. क्योतोच्या किंकाकुजी मंदिराच्या आवारात एक लहानसा धबधबा आहे आणि त्याच्या पायाशी एक तिरका दगड उभा केला आहे. तो दगड म्हणजे प्रवाहाच्या उलट उसळणारा मासा. जो मासा धबधबा चढून जाईल तो ड्रॅगन होईल, अशी मूळची चिनी आख्यायिका आहे, आणि सारी रचना त्या एका दगडासाठी आहे. चित्राची खालची कड चार बोटे वर घेतली की मासा गेला आणि आख्यायिकाही गेली.

आता वेळेचा प्रश्न. कॅमेऱ्याचे शटर किती काळ उघडे ठेवावे, यावर पाणी चित्रात कसे दिसेल हे ठरते, आणि येथे थोडे गणित उपयोगी पडते. समजा, उद्यानातील धबधबा दोन मीटर उंचीचा आहे. वरून निसटलेला थेंब सरळ पडला तर खाली पोहोचण्यास त्याला सुमारे ०.६४ सेकंद लागतो, आणि तळाशी त्याचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटर होतो. शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडले, तर तेवढ्या वेळात तो थेंब सहा मिलिमीटर सरकतो. चित्रात पाणी काचेच्या मण्यांसारखे गोठलेले दिसते. साठावा भाग ठेवला तर दहा सेंटिमीटरांची रेघ उमटते. पाव सेकंद ठेवले तर तळाशी जवळजवळ सव्वा मीटरची रेघ, म्हणजे थेंब नाहीसे होऊन धार उरते. आणि शटर पाऊण सेकंदाहून अधिक काळ उघडे राहिले, तर प्रत्येक थेंबाने वरपासून खालपर्यंतचा सगळा प्रवास चित्रात करून झालेला असतो. त्यापुढे वेळ वाढविल्याने नवे काही मिळत नाही. पाण्याच्या घडी-मोडी मात्र पुसल्या जाऊन दुधाचा ओघळ उरतो. दगडावरून घसरत येणारे पाणी याहून मंद चालते, तेव्हा वेळेत थोडी वाढ चालेल. परंतु समुद्राच्या किंवा मोठ्या प्रपातांच्या चित्रांसाठी सांगितलेला तीस सेकंदांचा कित्ता उद्यानातल्या बुटक्या धबधब्यावर गिरवणे व्यर्थ आहे.

हा निर्णय केवळ आवडीनिवडीचा नाही. धबधबा वस्त्रपात असेल तर अर्धा सेकंद त्याला शोभतो. मुळातच सलग असलेला पडदा सलग दिसतो. तो तंतुपात असेल तर तेवढ्याच वेळात सगळे तंतू एकमेकांत मिसळून त्याचेही वस्त्र होते, आणि रचनाकाराने दगडाचे कंगोरे निवडण्यात घेतलेले श्रम वाया जातात. तेथे आठवा किंवा पंधरावा भाग पुरे. जपानी चित्रकार होकुसाई याने १८३३ च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांतील धबधब्यांची आठ ठसाचित्रे केली. त्यांत एका ठिकाणी पाणी झाडाच्या मुळ्यांसारखे फाकलेले आहे, तर दुसरीकडे ते ताठ पट्ट्यांनी उतरते. कॅमेरा जपानात पोहोचण्यापूर्वीच त्याने प्रत्येक पाण्याला त्याची वेगळी गती दिली होती. यंत्र हाती असलेल्याने सगळ्या पाण्यांना एकच रेशमी मुलामा चढवावा, हे त्या मानाने मागे जाणेच झाले.

शटर इतका वेळ उघडे ठेवायचे तर उजेड कमी हवा. दुपारच्या उन्हात हे साधत नाही, आणि साधले तरी पाण्याचा पांढरा भाग व खडकांची सावली यांतील अंतर इतके वाढते की कोणत्याही कॅमेऱ्याला दोन्ही पेलत नाहीत. ढगाळ दिवस, पावसाची उघडीप, सूर्योदयानंतरचा पहिला तास या वेळा उत्तम. ढगाळ उजेडात संवेदनक्षमता १०० आणि लेन्सचे छिद्र ११ वर ठेवले, तर साधारणपणे सेकंदाचा तिसावा भाग लागतो. तो अर्ध्या सेकंदावर न्यायचा तर प्रकाश सोळाव्या हिश्शावर आणला पाहिजे. त्यासाठी लेन्सवर करडी काच, म्हणजे एनडी फिल्टर, बसवितात. छिद्र २२ पर्यंत आवळून काही काम भागते. पण फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि चित्राची धार बोथट होते.

ओल्या दगडांवरील आणि पानांवरील चकाकी घालविण्यासाठी पोलरायझर नावाची फिरती काच आहे. ती फिरविताच पानांचा खरा हिरवा आणि शेवाळाचा मखमली पोत वर येतो. मात्र ती शेवटपर्यंत फिरविली तर तळ्यातील प्रतिबिंबही निघून जाण्याचा धोका असतो, आणि जपानी उद्यानात प्रतिबिंब हा देखाव्याचा अर्धा हिस्सा आहे. पानांवरची चकाकी उतरली आणि तळ्यातली राहिली, अशा मधल्या जागी हात थांबवावा.

एक सापळा आणखी आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक साऱ्या दृश्याची सरासरी मध्यम करडी धरून चालतो. धबधब्याभोवती काळे खडक आणि गर्द झाडी अधिक असल्याने त्याला दृश्य काळोखे भासते, तो प्रकाश वाढवितो, आणि पाणी करपून जाते. करपलेल्या पांढऱ्यात पुढे काहीच सापडत नाही. तेथे नोंदच झालेली नसते. म्हणून प्रकाश मापकाच्या सांगण्यापेक्षा थोडा कमी द्यावा. सावली मागाहून उजळता येते, जळालेले पाणी परत आणता येत नाही.

ज्याच्यापाशी केवळ मोबाइल आहे त्याने निराश होण्याचे कारण नाही. पाण्यावर बोट ठेवून उजेडाची खूण खाली ओढली की मापक आवरला जातो. हल्लीचे कित्येक मोबाइल पाठोपाठ अनेक झटपट चित्रे घेतात आणि त्यांची सरासरी काढून पाण्याला लांब वेळेचा गुळगुळीतपणा देतात. त्या काळात मोबाइल स्थिर राहिला पाहिजे; कठड्यावर टेकवून, कळ दाबल्यानंतर दोन सेकंदांनी चित्र निघेल अशी योजना करावी. सार्वजनिक उद्यानांत ट्रायपॉड किंवा मोठा कॅमेरा नेण्यावर पुष्कळदा बंधने असतात. प्रवेशद्वारावर आधी विचारलेले बरे.

चित्र घेतल्यावर येते ते संस्करण, म्हणजे संगणकावरील किंवा मोबाइलवरील दुरुस्ती. येथे लिंबायतच्या कारागिराला शिकण्यासारखे थोडे आणि आठवण्यासारखे पुष्कळ आहे. कॅमेऱ्याची ‘रॉ’ फाइल म्हणजे ग्रे कापड होय. तिच्यावर रंगाची प्रक्रिया पुरी झालेली नसते, म्हणून ती फिकट दिसते. परंतु तिच्यात प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या चौदा बिटांत १६,३८४ पायऱ्या मावतात. नेहमीच्या जेपेग चित्रात त्या केवळ २५६ उरतात. छापून झालेल्या साडीवर पुन्हा रंग चढवू गेले तर जे होते तेच जेपेग फार ताणल्याने होते: पट्टे उमटतात, डाग पडतात.

पहिले काम पांढऱ्याचे. पाण्यातील सर्वांत उजळ भाग थोडे खाली आणावेत, म्हणजे धारांची वीण दिसू लागते. सावलीतले पाणी निळसर उमटते, कारण त्याच्यावर उजेड पडतो तो आकाशाचा. डोळा ही निळाई मनातल्या मनात वजा करतो, कॅमेरा करीत नाही. ती काही अंशी कमी करावी. साफ काढून टाकली तर पाणी गढूळ पिवळट दिसते आणि त्याचा गारवा जातो. दुसरे काम हिरव्याचे. शेवाळ, बांबू, पाईन, हिरवळ यांचे हिरवे चार प्रकारचे असतात. सगळ्यांचा भडकपणा एकदम वाढविणारी खूण ओढली की चारांचे एक होते, आणि तेच पोपटी चित्र पुन्हा तयार होते. हिरव्यातला पिवळा अंश थोडा उतरविला तर बहुधा पुरते. तिसरे, चित्राची धार वाढविणारी साधने दगडांवर चालवावीत, पाण्यावर नव्हे. पाण्यावर ती चालविली की धारांच्या कडांना काळी किनार येते आणि शुभ्र वस्त्र मळलेले दिसते. आणि हे सारे रात्री निळ्या पडद्यासमोर बसून संपवू नये. ट्यूबलाइटखालचा रंग सकाळी उजेडात पाहण्याची गिरणीतली सवय येथेही लागू आहे.

याहून कठीण प्रश्न आहे तो चित्रातून काय काढावे आणि काय घालावे याचा. हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास काढलेल्या काही सागरचित्रांत समुद्र एका निगेटिव्हवरचा आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवरचे आहे. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाने इतक्या चटकन भारावत की समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पडे. योकोहामा येथे कुसाकाबे किंबेई याच्या छायाचित्रगृहातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी चित्रे बाहेर पडत, ती हातांनी रंगविलेली असत. यंत्राची उणीव भरून काढणे हे त्या हस्तक्षेपांचे एक प्रयोजन होते, आणि त्यावर कोणी मोठा आक्षेप घेऊ नये.

गर्दीचे उदाहरण घ्यावे. सुट्टीच्या दिवशी धबधब्यासमोरून माणसे सतत ये-जा करतात. कॅमेरा न हलविता दहा-पंधरा चित्रे घेतली आणि संगणकाला प्रत्येक बिंदूची मधली किंमत निवडावयास सांगितली, तर हलणारी माणसे नाहीशी होतात. मागे उरते ते तेथे खरोखर होते; माणसांमागचा दगड कल्पनेने भरलेला नसतो. याउलट, अलीकडच्या साधनांना ‘येथला दिवा काढ’ म्हटले की ती दिवा काढतात आणि त्याजागी कधीच नसलेली पाने रचून देतात. धबधबा रुंद करून देतात, दगड वाढवितात. पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. पाण्यावर तरंगणारा कागद पुसणे आणि मत्स्यशिळा पुसणे, दोहोंना बोटाची एकच हालचाल पुरते; पण कागद उद्या तेथे नसणार होता, शिळा शतकभर तेथेच राहणार आहे.

या भेदाचे महत्त्व कोराकुएननेच दाखवून दिले आहे. १९३४ मध्ये असाही नदीला आलेल्या महापुराने त्या उद्यानाची मोठी हानी केली. १९४५ मध्ये ओकायामावर झालेल्या बाँबवर्षावात तेथील इमारती जळाल्या. पुढे ते पूर्ववत उभारता आले ते एदो काळातील चित्रे आणि आराखडे जपून राहिल्यामुळे. कोणती वास्तू कोठे होती, पाणी कोठून वळत होते, हे त्या कागदांवरून वाचता आले. त्या चित्रकारांपैकी कोणी शोभेखातर एखादे तळे वाढविले असते किंवा गैरसोयीचे झाड गाळले असते, तर नवे कोराकुएन त्या चुकीसकट उभे राहिले असते, आणि पुण्याच्या उद्यानाने आदर्श म्हणून तेच पाहिले असते.

सुरतेला हे निराळे सांगावे लागत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली घेतला होता. अशा पुरात भांडी धुऊन वापरता येतात, छायाचित्रांचे आल्बम नाही. उद्यानात घेतलेल्या चित्राची मूळ फाइल म्हणूनच कधी बदलू नये. संस्कारित प्रत वेगळ्या नावाने करावी, मूळ फाइल घराबाहेर आणखी एका ठिकाणी ठेवावी, आणि चित्रातून काही काढले वा घातले असेल तर ते फाइलच्या नोंदीत दोन शब्दांत लिहावे. कागदावर छापून घ्यायचे झाल्यास चकचकीत कागदापेक्षा खरबरीत, न चमकणारा कागद पाण्याच्या चित्राला अधिक मानवतो. मागल्या बाजूस स्थळ, तारीख आणि वेळ पेन्सिलीने लिहावी, कारण शाई ओलीने पसरते.